पाच जणांची थुंकी

सुनेने जेवणाच्या टेबलावर पाच नळ्या मांडल्या आणि प्रत्येकाने आपापल्या नळीत थुंकायचं आहे असं सांगितलं, तेव्हा घरात जी शांतता पसरली तशी सासरे निवृत्त झाल्यापासून एकदाही पसरली नव्हती.

नळ्या बोटाएवढ्या, पारदर्शक, निळ्या झाकणाच्या. अर्ध्यावर एक काळी रेघ. रेघेपर्यंत लाळ भरायची, वरचा फेस मोजायचा नाही, आणि भरण्याआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. प्रत्येक नळीसोबत एक कार्ड होतं. त्यावर नाव, तारीख आणि सही करून ते पाकिटात बंद करायचं. सकाळी सात वाजता माणूस येऊन नळ्या आणि पाकिटं घेऊन जाणार होता.

सून एका छोट्या प्रयोगशाळेत संशोधक होती. सहा वर्षं राबून तिने एक यंत्र तयार केलं होतं. दिसायला बुटांच्या खोक्याएवढं, म्हणून सगळे त्याला पेटी म्हणत. माणसाच्या लाळेतून त्याची जनुकं वाचून, एका आनुवंशिक आजाराची खूण त्यात आहे की नाही, हे पेटी पन्नास मिनिटांत सांगायची. आजार असा की अन्नातलं लोह शरीर गरजेपेक्षा जास्त ओढून घेतं आणि सोडतच नाही. ते यकृतात साठतं, सांध्यांत साठतं, हृदयात साठतं. वीस-तीस वर्षं माणसाला पत्ता लागत नाही आणि लागतो तेव्हा बरंच बिघडलेलं असतं. वेळेवर कळलं तर उपाय मात्र सोपा, अधूनमधून थोडं रक्त काढून टाकायचं. आजार होण्यासाठी आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन खुणा लागतात. एकच असेल तर माणूस ठणठणीत राहतो, फक्त ती पुढच्या पिढीला देऊ शकतो.

पेटीला परवानगी देणाऱ्या समितीने पंचवीस माणसांची लाळ मागितली होती. कुणाची कुठली हे पेटी चालवणाऱ्याला कळता कामा नये, नळीवर फक्त आकडा हवा. वीस माणसं जमली, पाच कमी पडली. प्रयोगशाळेचे संचालक म्हणाले, घरची आणा. समितीचीही हरकत नव्हती. म्हणून या नळ्या टेबलावर आल्या होत्या.

सासरे म्हणाले की अवश्य देतो, पण ते दर वीस मिनिटांनी चहा घेत असल्यामुळे कोरडा असा अर्धा तास त्यांच्या दिवसात सापडेना. नवऱ्याने नळी तोंडाशी धरली आणि त्याच्या तोंडाचं वाळवंट झालं. सगळे बघतात म्हणून होत नाही म्हणाला, मग न्हाणीघरात गेला, नळ सोडला, पंधरा मिनिटांनी तशीच कोरडी नळी घेऊन बाहेर आला. धाकट्या दिराला वेगळीच शंका.

"वहिनी, उद्या हे विमावाल्यांना कळलं तर?"

"तुमचं नाव बंद पाकिटात राहणार आहे, भाऊजी."

"पाकिटं उघडतात," असं म्हणून तो गॅलरीत निघून गेला.

राहिल्या आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. त्या चाळीस वर्षं शाळेत शिक्षिका होत्या, आणि त्यातली निम्मी वर्षं त्यांनी मुलांना इकडेतिकडे थुंकू नका हे सांगण्यात घालवली होती. आता उतारवयात सून समोर नळी धरून थुंका म्हणते, हे काही त्यांच्या गळी उतरेना. बघू सकाळी, एवढंच म्हणून त्या झोपायला गेल्या. सासूबाईंची नळी मात्र पाच मिनिटांत भरून झाली. मग त्या नेहमीसारख्या भिंतीला टेकून बसल्या. गेली दहा वर्षं त्यांना सतत थकवा असायचा, आणि दोन्ही हातांची पहिली दोन बोटं सकाळी मिटता मिटत नसत. डॉक्टर वयाकडे बोट दाखवायचे आणि लोहाचं टॉनिक लिहून द्यायचे. सासूबाई आज्ञाधारक. दहा वर्षांत त्यांनी टॉनिकचा एक चमचाही चुकवला नव्हता.

चार रिकाम्या नळ्यांकडे बघत सून म्हणाली, "उद्या सांगते त्यांना, घरून नाही मिळाल्या." कुणालाच उद्देशून नव्हतं ते. पण सासूबाईंनी ऐकलं.

सकाळी पावणेसातला सून बाहेर आली तर पाचही नळ्या रेघेपर्यंत भरलेल्या, झाकणं घट्ट, पाकिटं बंद, शेजारी ओळीने ठेवलेली. तिला भरून आलं. घरचे तोंडाने नाही म्हणतात पण वेळेला उभे राहतात, असं तिने मनाशी म्हटलं. एकेक जण उठून आला, आपली नळी भरलेली बघून जरा थबकला आणि काही न बोलता चहाकडे वळला. सून एवढी आनंदात होती की थबकणं तिच्या ध्यानात आलं नाही.

चार दिवसांनी चाचणी झाली. समितीचे पाच सभासद, मध्ये अध्यक्षबाई. कोरड्या चेहऱ्याच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, आणि बोलायच्या तर जणू शब्दांना भाडं पडतं अशा. संचालक नवा कोट घालून आले होते. त्यांच्या खिशात चार पानी भाषण होतं. पेटीने पन्नास मिनिटं घरघर केली आणि निकाल दिला. वीस नळ्या स्वच्छ. उरलेल्या पाचांत दोन्ही खुणा, म्हणजे पक्का आजार.

एका सभासदाने भुवया वर केल्या. हा आजार शेकड्यांत एखाद्याला होणारा. पंचवीसात पाच जण म्हणजे फारच झालं. त्यांनी यादी उघडली. पाचही जण एकाच घरचे निघाले. बरं, घराणं एक म्हणावं, तर पेटीने सवयीप्रमाणे नळीतली लाळ पुरुषाची की बाईची हेही नोंदवलं होतं. पाचही बायका होत्या. यादीत तीन पुरुष होते.

अध्यक्षबाईंनी यादीवर बोट ठेवलं. "हे तुमचे सासरे?"

"हो."

"हे पती, आणि हे दीर?"

"हो."

"तुमच्या यंत्राच्या मते तुमच्या घरात एकही पुरुष नाही."

कुणीतरी हसू दाबलं, ते दाबलं गेलं नाही आणि खोलीभर पसरलं. समितीने लिहून ठेवलं की यंत्र भरवशाचं वाटत नाही, आठवड्यात खुलासा द्यावा, नाहीतर अर्ज निकाली. संचालकांनी खिशातलं भाषण हातानेच चाचपलं आणि आहे तिथेच राहू दिलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण सुनेचा पगार ज्या अनुदानातून निघायचा ते याच परवानगीवर टांगलेलं होतं, आणि तिच्याखालचे दोघे मदतनीसही त्यालाच लटकलेले होते.

घरी येऊन तिने जेवायच्या टेबलावर सगळं सांगितलं. रडली नाही, फक्त कुठे चुकलं असेल ते एकेक करून मोजत राहिली. रसायन शिळं असेल, नळ्या एकमेकींत मिसळल्या असतील, किंवा सहा वर्षं मुळातच वाया गेली असतील. कुणी घास घेईना. सासऱ्यांनी चहा थंड होऊ दिला. घरच्यांनी हे प्रथमच पाहिलं.

ताटं उचलल्यावर नवरा तिच्यामागे स्वयंपाकघरात आला आणि दार लोटून घेतलं.

"एक सांगू? मी त्या दिवशी थुंकलोच नव्हतो."

"मग नळी कशी भरली?"

"मला वाटलं तूच काहीतरी केलंस. शास्त्रात काय काय सोयी असतात, मला काय कळतं?"

तेवढ्यात गॅलरीतून दिराची हाक आली. त्याचंही तेच निघालं. आपली नळी दादाने भरली असेल असं तो धरून चालला होता, कारण शाळेत असताना त्याच्या गृहपाठाच्या वह्या दादाच पुऱ्या करायचा. सासरे वर्तमानपत्रामागून बोलले. आपण नळी भरल्याचं त्यांना आठवत नव्हतं, पण भरलेली दिसली, तेव्हा आपणच भरून विसरलो असू अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती आणि या वयात विसरायला झालं म्हणून चार दिवस मनातल्या मनात घाबरून होते. आत्याबाईंनी कबुली वगैरे दिली नाही. आपण जन्मात कधी थुंकलेलो नाही आणि थुंकणारही नाही, एवढं त्यांनी अभिमानाने जाहीर केलं.

सुनेने बोटांवर मोजलं. चार जणांनी नळ्या भरल्या नव्हत्या आणि पाच नळ्या भरल्या होत्या. ती ओट्याकडे वळली. सासूबाई ओट्याशी स्टुलावर बसून भाजी निवडत होत्या. आखडलेल्या बोटांनी एकेक शेंग सावकाश मोडणं चाललं होतं.

"आई, नळ्या कुणी भरल्या?"

"मी भरल्या," सासूबाई म्हणाल्या. "पाचही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सून चार लोकांत रिकाम्या नळ्या घेऊन उभी राहणार, घरच्यांनी साथ दिली नाही म्हणणार, हे त्यांना सहन झालं नव्हतं. पहाटे पाचला उठून त्या टेबलाशी बसल्या. दुसऱ्या नळीनंतर तोंड सुकलं, म्हणून लिंबू कापून समोर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. चाटलं मात्र नाही, कारण अर्धा तास काही घालायचं नाही हा नियम. चौथ्या नळीला लिंबूही पुरेना, तेव्हा दुसरं कापलं. सह्या करताना दर वेळी पेन बदललं. दिराची सही त्यांनी मुद्दाम अवाचनीय काढली, कारण ती तशीच असते.

"थुंकीसारखी थुंकी," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची सारखीच असेल असं वाटलं मला. तुला त्रास झाला ना माझ्यामुळे?"

सुनेच्या डोक्यात आकडे धावत होते. एका माणसाची लाळ, पाच नावांनी, पाच वेगळ्या नळ्यांत, वीस परक्या नळ्यांत विखुरलेली. पेटीला काहीच माहीत नव्हतं. आणि पेटीने पाचही वेळा तेच उत्तर दिलं होतं, पाचही वेळा बाई म्हटलं होतं. ही चूक कशाची? यंत्राची याहून कडक परीक्षा कुणी घेतली नसती. तिने सासूबाईंना मिठी मारली, भाजीची चाळणी खाली पडली, शेंगा चौफेर उडाल्या. नवरा, दीर, सासरे दारात गोळा झाले. यंत्र बरोबर आहे, ती म्हणत होती, यंत्र बरोबर आहे.

आणि तिसऱ्यांदा म्हणताना ती मध्येच थांबली. यंत्र बरोबर होतं, म्हणजे निकालही बरोबर होता. तिने सासूबाईंचा हात हातात घेतला. तीच पहिली दोन बोटं. तोच दहा वर्षांचा थकवा. उन्हात पाऊल न टाकता रापलेला रंग, ज्याचं शेजारणींना नवल वाटायचं. हे सगळं तिने स्वतः लिहिलेल्या माहितीपत्रकात लक्षणं म्हणून छापलेलं होतं आणि सहा वर्षं रोज याच घरात जेवून तिला ते दिसलं नव्हतं. फळीवर टॉनिकची बाटली उभी होती. अंगात लोह मावत नाही अशा बाईला दहा वर्षं रोज दोन चमचे लोह.

"बरोबर आलं ना तुझं यंत्र?" सासूबाईंनी विचारलं. "मग आता रडतेस कशाला?"

दुसऱ्याच दिवशी इस्पितळात त्यांचं रक्त तपासलं. लोहाचा साठा असायला हवा त्याच्या नऊ पट निघाला. यकृताला सूज होती, पण ती उतरण्यासारखी होती. आणखी दोन-तीन वर्षं गेली असती तर वेगळं सांगावं लागलं असतं, असं तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, आणि हे शोधलं कुणी म्हणून विचारलं. सासूबाईंनी सुनेकडे बोट दाखवलं. ते बोट सरळ होत नव्हतं, पण रोख बरोबर होता.

शुक्रवारी समिती पुन्हा बसली. खुलासा म्हणून सुनेने सासूबाईंनाच नेलं होतं. संचालकांना रात्रभर झोप नव्हती. नियमांच्या पुस्तकात सासूची तरतूद नाही, एवढंच ते येताजाता सांगत होते. सुनेने सगळं घडलं तसं मांडलं, इस्पितळाचा कागद पुढे ठेवला. अध्यक्षबाईंनी तो दोनदा वाचला. मग चष्म्यावरून सासूबाईंकडे पाहिलं.

"तुम्ही चार माणसांच्या खोट्या सह्या केल्यात."

"केल्या," सासूबाई म्हणाल्या. "सह्या खोट्या होत्या, बाई. थुंकी मात्र खरी होती."

एका सभासदाला एकाएकी खोकला आला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी बारा नव्या नळ्या मागवल्या. पाच सासूबाईंनी त्यांच्यासमोर बसून भरायच्या, सात त्यांच्या कचेरीतले लोक भरणार. सासूबाईंनी लिंबाची परवानगी मागितली आणि ती मिळाली. सरकारी टेबलावर बशी, बशीत कापलेलं लिंबू, आणि त्याच्याकडे एकटक बघत बसलेली बाई, असं दृश्य त्या खोलीने पूर्वी पाहिलं नसावं. पंधराव्या मिनिटाला समितीतलेही दोघे जण आवंढे गिळू लागले. नळ्या भरल्यावर अध्यक्षबाईंनी त्या आपल्या हाताने मिसळल्या, आकडे चिकटवले, कुठली कुणाची ही यादी स्वतःच्या पर्समध्ये घातली आणि पर्स मांडीवर धरून बसल्या.

पेटी घरघरत राहिली. सून भिंतीला पाठ लावून उभी. तिला बसवेना. सासूबाईंनी मधल्या वेळात अध्यक्षबाईंना मुलं किती, कुठे असतात, जेवण कोण करतं, हे सगळं विचारून घेतलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी सांगितलंही.

निकाल आला. बारांपैकी पाच. अध्यक्षबाईंनी पर्स उघडून यादी ताडून पाहिली. एकेक आकड्यावर टिचकी मारत गेल्या. पाचही सासूबाईंच्या. एक इकडे नाही, एक तिकडे नाही.

त्यांनी चष्मा काढला. "पंचवीस वर्षं मी यंत्रं तपासते आहे," त्या म्हणाल्या. "यंत्राला फसवायचा इतका प्रामाणिक प्रयत्न मी पाहिला नव्हता. आणि ते फसलं नाही."

सही तिथेच झाली. संचालकांनी अखेर भाषण काढलं. त्यात त्यांनी ऐनवेळी एक परिच्छेद घातला, की आपल्या प्रयोगशाळेने नेहमीच्या चाचणीसोबत एक "घरगुती पुनरावृत्ती चाचणी" मुद्दाम योजली होती. अनुदान वाढलं, दोघा मदतनीसांचे चौघे झाले, आणि पेटी गावोगावच्या दवाखान्यांत जाऊ लागली. घरच्यांनी या वेळी निमूट आपापल्या नळ्या भरल्या. नवऱ्यात आणि दिरात आईकडून आलेली एकेक खूण निघाली, निघायला हवी होती तशी. आत्याबाईंनीही नळी भरली, खोलीचं दार आतून लावून आणि भिंतीकडे तोंड करून.

आता सासूबाईंच्या भावंडांनाही तपासायला हवं होतं. थोरली बहीण स्वच्छ निघाली. धाकटा भाऊ मोटार चालवायला शिकवायचा. तो सगळ्यांत तरतरीत, आणि ताई दहा वर्षं बसून असते म्हणून तिला आळशीबाई म्हणायचा. आपल्याला काही झालेलं नाही, म्हणून तो नळीला हात लावेना. सासूबाई त्याच्या बैठकीत जाऊन बसल्या आणि तो थुंकेपर्यंत उठल्या नाहीत. दोन्ही खुणा निघाल्या. पण साठा नुकता वाढू लागला होता, इंद्रिय एकही बिघडलं नव्हतं.

रक्त काढायच्या पहिल्या दिवशी तो इस्पितळात सासूबाईंना भेटला. बराच वेळ हातातला कागद घडी करत आणि उलगडत राहिला.

"ताई, मी तुला इतकी वर्षं आळशी म्हणत आलो."

"म्हण की," सासूबाई म्हणाल्या. "पण नंबर माझा आधी आहे. मागे बसून म्हण."

दर आठवड्याला एक पिशवी रक्त, असं सात महिने चाललं. बोटं पूर्ण सुटली नाहीत, पण थकवा असा गेला की जणू कुणी खांद्यावरचं पोतं उतरवलं. रंग उजळला, यकृत सुधारलं. पाचव्या महिन्यात सासूबाईंनी माळा आवरला. सहाव्यात सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा लावली, त्यामुळे घरात कुणालाच काही सापडेना. मग त्यांनी पोहायला नाव घातलं. रोज सकाळी सहाला त्या सासऱ्यांना उठवून टेकडीवर नेऊ लागल्या, आणि चहा टेकडी उतरल्यावर. दहा वर्षं ज्यांनी त्यांना, अगं जरा हालचाल कर, म्हणून सांगितलं होतं ते सासरे आता संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या झोपत.

एक दिवस सून कामावरून आली तर सासरे तिची वाट बघत दाराशीच उभे होते. आत कुणी ऐकत नाही ना ते त्यांनी बघून घेतलं.

"सूनबाई, हिचं रक्त आता तीन महिन्यांनी एकदाच काढतात ना?"

"हो बाबा. साठा उतरला. आता तेवढं पुरतं."

"तसं नाही," सासरे अगदी हळू आवाजात म्हणाले. "जरा वाढवून घेता येत नाही का? म्हणजे अधूनमधून एखादा दिवस तरी ती दमेल."